उभ्यानं तापत नाही

सुखदेव तायड्यांबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘सुखदेव’ लिहू की ‘सुखदेवभाऊ’? ‘तो’ लिहू की ‘ते’? माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हरकी करून, एकही अपघात न करता निवृत्त झालेला. आणि मी त्यांना शाळेत असल्यापासून ‘ए सुखदेव’ म्हणत आलो, कारण आमच्या घरात वडील तसं म्हणत, काका तसं म्हणत. बौद्धवाड्यातल्या माणसाला, मग तो कितीही मोठा असो, एकेरीच हाक मारायची, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. चालायला जसे शिकलो तसेच तेही शिकलो. तायडे मात्र मी चड्डीत असल्यापासून मला ‘भाऊ’ आणि ‘तुमी’ म्हणत. इथे मी ‘सुखदेवभाऊ’ आणि ‘ते’ असं लिहिणार आहे. कागदावर तेवढी हिंमत आहे. तोंडावर ती फक्त एकदा झाली, आणि तेव्हा उशीर झाला होता.

उंच, काटकुळे, मान किंचित डावीकडे कललेली. उजव्या कानानं ऐकायची सवय होती म्हणून. निवृत्तीनंतरही पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. एखादं इंजिन कुरकुरत असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आमच्या कामरगावच्या स्टँडवर काळीपिवळी जीप चालवणारी सगळी मंडळी त्यांच्याकडे येत. गॅरेज वगैरे काही नव्हतं. स्टँडवरच्या लिंबाखाली एक लाकडी बाक, तेच त्यांचं ऑफिस. पैसे घेतले तर घेतले, नाही तर चहा. ‘तायडेकाकानं कान लावला’ म्हणजे निकाल लागला, असं सगळे मानत. या माणसाजवळ शेती नव्हती, घर दोन खोल्यांचं होतं, बायको कधीच गेली होती. होतं ते हे एवढं नाव. मी ज्याच्याशी खेळलो ते हेच.

त्यांचं सगळं शास्त्र एका गोष्टीभोवती फिरायचं. गार इंजिनाला घाई करायची नाही. मी कारंज्याला कॉलेजात होतो तेव्हा सकाळची सहाची गाडी तेच न्यायचे. हिवाळ्यात खिडक्यांतून बोचरं वारं यायचं आणि आम्ही कानाला मफलर गुंडाळून बसायचो. ब्रेकची हवा भरेपर्यंत गाडी उभी, आणि मग पहिले तीन किलोमीटर बैलगाडीच्या चालीनं. मागून कुणीतरी ओरडायचंच, “ओ ड्रायव्हरसाहेब, धक्का मारू का?”

“उतरा अन् पैदल या,” ते मान न वळवता म्हणायचे. “संगच पोहचू.”

तिसऱ्या किलोमीटरनंतर मात्र गाडी अशी सुटायची की वेळेच्या पाच मिनिटं आधी कारंजा. एकदा मी पुढच्या सीटवर होतो. विचारलं, एवढं कायले हळू? तेव्हा त्यांनी समोरच्या काट्याकडे बोट केलं.

“हा काटा पान्याचा हाय. पानी चार-पाच मिनिटात तापते. तेलाले पंधरा मिनिटं लागतात, अन् इंजिन तेलावर चालते. लोक पानी तापलं का पाय ठेवतात. तेलाचं कोनी इचारत नाही, कारन त्याचा काटाच नाही.”

एका पोऱ्यानं नवी जीप आणली आणि पहिल्याच सकाळी गार इंजिन घूंऽऽ घूंऽऽ करून सगळ्या स्टँडला ऐकवायला लागला. सुखदेवभाऊ बाकावरून उठले, खिडकीतून हात घालून चावी काढली आणि खिशात टाकली. “चहा पी. मंग देतो.” प्रवासी बोंबलत होते. पण त्यांनी चहा संपेपर्यंत चावी दिली नाही, आणि त्या जीपवाल्यानंही मागितली नाही. लिंबाखालच्या त्या बाकाला तेवढा मान होता.

आता गाडीकडे येतो.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुण्यात बांधकामाच्या धंद्यात पुढे गेला. तीन वर्षांपूर्वी त्यानं एक परदेशी स्पोर्ट्स कार जुनी विकत घेतली. दोन माणसांची, गडद निळी, जमिनीला टेकलेली. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘ठेंगणी’ ठेवलं. मग दादाला दोन वर्षांसाठी दुबईचं काम मिळालं. गाडी पुण्याच्या सोसायटीत धूळ खात ठेवण्यापेक्षा गावी आमच्या सोयाबीनच्या गोदामात बरी, असं ठरलं. मी गावातच असतो, माझं कृषी केंद्राचं दुकान आहे, म्हणजे खताची पोती आणि औषधाच्या बाटल्या. मला मोटरसायकल आणि ट्रॅक्टर येतो. ठेंगणीत बसलो तर माझे गुडघे हनुवटीला लागत.

दादानं ती गोदामात लावली तेव्हा सुखदेवभाऊंना बोलावलं. बॉनेट उघडलं. ते पाच मिनिटं नुसतेच पाहत राहिले, मग एका काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, “हे कोनाले फिरवून राह्यलं?”

दादानं सांगितलं की सुपरचार्जर आहे. इंजिनाला जादा हवा कोंबणारा पंप. टर्बोसारखंच, फक्त धुराच्या जोरावर न फिरता थेट इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो.

“म्हंजे टर्बोले धूर येयेपर्यंत जरासा तं दम राह्यते. याले नाही. चाबी फिरवली का हे जागं.” सुखदेवभाऊ मान हलवत म्हणाले. “बाकी सारं घर निजेल, अन् हे एकटं उठून नाचाले तयार. साहेब, ही गाडी सकाळी लई सांभाळून घ्या लागते.”

दादा हसला, पण खूश झाला. पुण्याच्या मेकॅनिकनंही त्याला हेच इंग्रजीत सांगितलं होतं म्हणे. जाताना त्यानं माझ्यासमोर सूचना दिली, “सुखदेव, एक दिवसाआड सकाळी कारंजा रोडनं वीस मिनिटं फिरवून आणायची. तेलाचा काटा मधात येईपर्यंत हळू.” या गाडीला तेलाचा काटा होता. सुखदेवभाऊंनी तो पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. साठी ओलांडलेल्या माणसाला असा आनंद क्वचित होतो.

त्यानंतर दोन महिने सगळं सुरळीत चाललं. ते सकाळी साडेसहाला येत, शटर उघडत, चपला बाहेर काढून अनवाणी आत बसत. मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, आमच्या गाडीचा मान ठेवतात. कुणी आलं की मी दाखवायचोही, बघा, चपला काढून बसतो. बऱ्याच दिवसांनी एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, “मान कायचा भाऊ. पायाले पेडल समजलं पायजे.” तरी लोकांना मी सांगत राहिलो ते मानाचंच.

गाडी सुरू झाली की पहिलं मिनिटभर गोदाम हादरायचं. या गाड्या गार असताना स्वतःच इंजिन जोरात फिरवतात, सायलेन्सरच्या आतली जाळी लवकर तापावी म्हणून. मग आवाज खाली येतो आणि गाडी नुसती गुरगुरत राहते. तो खाली आला की ते गिअर टाकत आणि चालत्या माणसाच्या वेगानं बाहेर पडत. वीस-पंचवीस मिनिटांनी परत. बॉनेटवर उलटा हात ठेवून पाहत आणि समाधानानं शटर ओढत.

मग आमचे इंझोरीचे मामा आले.

ते मोटरसायकलवर सकाळीच निघाले होते. कारंज्याच्या अलीकडे समोरून ठेंगणी येताना दिसली. काच काळी. मामांना वाटलं दादाचा कुणी बडा पाहुणा असणार. त्यांनी मोटरसायकल बाजूला घेतली आणि हात जोडले.

“म्या हात जोडले बे!” मामा ओसरीवर बसून मांडीवर थाप मारत होते. “काच खाली झाली. आतमंधी कोन? सुखदेव! अन् हसून म्हनते कसा, जयभीम मामा! मामा म्हनते मले! आता मी तुमच्या गाडीले पाहून त्याले हात जोडाचे का?”

मी हसलो. खरं सांगायचं तर मोठ्यानं हसलो. पण मामा हसत नव्हते. संध्याकाळी ते पुन्हा म्हणाले की गावात लोक बोलून राह्यले, गाडी तुमची अन् मिरवते सुखदेव. गावात कोण बोलत होतं, मी विचारलं नाही. मला कुणी काही म्हटलं नव्हतं. पण त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, आणि सकाळी साडेसहाला मी गोदामाच्या दारात उभा होतो.

“सुखदेव, आजपासून गाडी बाहेर नाही काढायची. इथंच चालू करायची, पाच मिनिटं, अन् बंद.”

“काहून?”

“रस्त्यानं ढोरं राह्यतात. खरचटन कुठी.”

“दोन महिन्यात खरचटली का भाऊ?”

त्यांची नजर अंगणात उभ्या असलेल्या मामांच्या मोटरसायकलवर गेली आणि परत आली. त्यांना सगळं समजलं. मलाही समजलं की त्यांना समजलं. तेवढ्यावर माणसाला लाज वाटायला हवी होती. मला राग आला.

“नाही फिरवायची तं नका फिरवू,” ते शांतपणे म्हणाले. “पन मंग चालूबी नका करू. बॅटरीची तार काढून ठेवतो, झाकून ठेवतो. काई होत नाही तिले. हे इंजिन उभ्यानं तापत नाही भाऊ. अर्ध तापते. अर्ध तापवून बंद केलं का आतमंधी पानी धरते, पेट्रोल तेलात उतरते. रोज असं केलं तं ते तेल तेल राह्यत नाही.”

“दादाले रविवारी व्हिडिओवर आवाज ऐकाचा राह्यते,” मी म्हणालो. “सांगतलं तेवढं कर.”

दादाला आवाज ऐकायचा असे, हे खरं होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. त्या गर्जनेचं मला स्वतःला व्यसन लागलं होतं. दुकानात खताच्या कंपनीचे साहेब आले, सोयरे आले, पोहरादेवीच्या यात्रेला जाणारे ओळखीचे लोक वाट वाकडी करून आले, की चहा व्हायचा, पोहे व्हायचे, आणि मग मी म्हणायचो, “चला, दादाची गाडी ऐकवतो.” सुखदेवभाऊंना स्टँडवर निरोप जायचा. ते हातातलं काम ठेवून यायचे. शटर वर, गर्जना, पाहुण्यांचे कानांवर हात, मोबाईलवर चित्रण. दोन मिनिटांनी मी हात करायचो. बंद.

यात एक भानगड होती. गाडी गार असेल तरच गर्जते. तासाभरापूर्वी चालू केलेली असली की नुसती गुरगुरते आणि पाहुण्यांची निराशा होते. म्हणजे गाडी गार ठेवणं ही माझी गरज झाली. सकाळी फिरवून आणली असती तर दहा वाजताच्या पाहुण्यांना काय ऐकवलं असतं? एका यात्रेच्या दिवशी तर दोन टोळ्या पाठोपाठ आल्या. दुसऱ्या टोळीसाठी मी घरातला टेबलफॅन गोदामात आणवला आणि बॉनेट उघडून त्याच्यासमोर लावायला सांगितला.

सुखदेवभाऊ पिन हातात धरून उभे राहिले. “भाऊ, पंख्यानं इंजिन गार नाही होत.”

“लाव म्हनतो ना.”

त्यांनी लावला. अर्धा तास आम्ही सगळे बसून राहिलो आणि पंखा एका लाखो रुपयांच्या इंजिनाला वारा घालत राहिला. गाडी नंतर गुरगुरलीच. पाहुणे म्हणाले, “छान आहे हो,” आणि यात्रेला निघून गेले. मला वाटलं यात सुखदेवभाऊंचाच काहीतरी हलगर्जीपणा असणार. तसं मी पाहुण्यांना म्हणालोही. ते तिथेच वायर गुंडाळत होते.

असं वर्षभर चाललं. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी मला हाताला धरून गाडीशी नेलं. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. तेल घालायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून समोर धरलं. आत पांढरट पिवळी साय जमली होती, विरजण बिघडल्यासारखी.

“हे पाहा. पानी अन् तेल एक झालं. आता तरी चालू नका करू. नाही तं निदान तेल तरी बदलून घ्या.”

“पुसून टाक,” मी म्हणालो. “दादा आला का पाहू.”

त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि झाकण पुसलं. एवढ्या काळजीनं पुसलं, की मी तिथून निघून गेलो.

त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात एक चांगली गोष्ट घडायच्या बेतात होती. कारंज्याच्या एका शाळेनं सहा नव्या बस घ्यायचं ठरवलं. शाळेचे संस्थाचालक दादाचे वर्गमित्र. त्यांनी सुखदेवभाऊंना निरोप धाडला की जूनपासून बसची देखरेख तुम्ही करा, ड्रायव्हर पोरांना शिकवा. ते मला सांगायला दुकानात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“सकाळी सहा इंजिनं एका रांगीत, भाऊ. एकामागून एक सुरू कराचे. रिटायर झाल्यापासून मले सकाळी उठून काय कराव तेच समजत नाही.” मग म्हणाले, “एक काम करा. मोठे साहेब येऊन राह्यले ना? त्याहिले आजच फोनवर सांगा, पहिले तेल बदला, मंग चालवा. गाडी तशीच काढली तं जाईन ते इंजिन.”

मी हो म्हणालो. सांगितलं नाही. तेल का बदलायचं हे दादानं विचारलं असतं, आणि उत्तर मामांच्या जोडलेल्या हातांपाशी गेलं असतं.

दादा जानेवारीत आला. बोलता बोलता दुसऱ्या दिवशी पहाटे समृद्धी महामार्गावर जायचं ठरलं. सुखदेवभाऊ साडेसहाला धावतपळत आले, स्वतःच सांगावं म्हणून. दादा सहालाच निघून गेला होता. अंगणातल्या बादलीचं पाणी हाताला चावत होतं, एवढी थंडी. त्यांनी रिकाम्या गोदामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सांगतलं होतं ना साहेबाले?” मी मान हलवली, होय आणि नाहीच्या मधली. ते अंगणातच दगडावर बसून राहिले.

दहा वाजता ठेंगणी टोचन करून आली. दादा सांगत होता की हायवेवर पाय दाबला, आधी टकटक आवाज, मग जोरात धाडधाड, मग सगळं बंद. तिसऱ्या दिवशी नागपूरहून लॅपटॉपवाला मेकॅनिक आला. तेल काढलं तर ते पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा वास मारणारं. आतली बेअरिंगं खलास. तो म्हणाला की गाडी शेकडो वेळा गार सुरू करून लगेच बंद केली आहे, ज्यानं केलं त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही.

अंगणात पंधरा-वीस माणसं होती. स्टँडवरचे जीपवाले होते, शेजारी होते, मामाही आले होते. दादानं सुखदेवभाऊंना समोर बोलावलं.

“तुले मी काय सांगतलं होतं? एक दिवसाआड फिरवाची होती ना?” पुण्या-दुबईचा दादा रागात आला की कामरगावचा होतो.

“हो साहेब.”

“मंग फिरवली?”

सुखदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. नुसतं पाहिलं आणि थांबले. एक वाक्य बोलायचं होतं. ‘मीच नाही म्हटलं होतं’, चार शब्द. दादा माझ्यावर ओरडला असता, मामा खाली पाहत राहिले असते, दोन दिवसांत सगळे विसरले असते. माझ्या नावाला कुठे काय धक्का बसणार होता? मला गाडीतलं काही कळत नाही हे गावाला माहीतच होतं. मी शटरच्या कुलुपात चावी घातली आणि उगाच फिरवत बसलो.

“नाही फिरवली,” सुखदेवभाऊ म्हणाले.

“काहून?”

“नाही फिरवली, बस.”

“एकतीस वर्षं सरकारी गाडी चालवली अन् एवढं समजत नाही तुले?”

यावर जीपवाल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. सुखदेवभाऊंनी खिशातून गाडीची दुसरी चावी काढली, बॉनेटवर ठेवली, दारातल्या चपला घातल्या आणि गेले. पाठमोरी चाल नेहमीसारखीच होती. मी त्याच्यातही माझ्यासाठी काही दिलासा शोधत होतो, असं आता वाटतं.

दादानं गाडी होती तशी विकली आणि परत दुबईला गेला. तिकडचं काम वाढलं होतं. जाण्याआधी शाळेच्या संस्थाचालकांनी त्याला फोन केला, तायडे कसा आहे म्हणून. दादानं जे पाहिलं होतं ते सांगितलं. तो खोटं बोलला नाही. सहा बसला दुसरा माणूस मिळाला. स्टँडवर पोरं थट्टा करू लागली, “काका, उभ्यानंच तापवू का गाडी?” ते ऐकून घ्यायचे. काही दिवसांनी पोरं कारंज्याच्या गॅरेजला जाऊ लागली आणि लिंबाखालच्या बाकावर पेपर वाचणारे लोक बसू लागले. मी रोज त्याच रस्त्यानं दुकानात जायचो. पुढे पुढे मी मागच्या गल्लीनं जाऊ लागलो.

यंदाच्या थंडीत चहावाल्यानं सांगितलं की तायडेकाका उद्या गाव सोडून चाललेत, अकोल्याला पोरीकडे, कायमचे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सातला मी स्टँडवर गेलो. कारंज्याची जीप भरत होती. ते बाजूला उभे होते, एक सुटकेस, एक पिशवी, इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर.

“सुखदेवभाऊ,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी पटकन पाहिलं. “त्या गाडीचं… तुमची चूक नव्हती. मी नाही म्हटलं होतं. मी तेव्हा बोलाले पायजे होतं. चुकलं माह्यं.”

पाठ केल्यासारखं बोललो, कारण खरोखरच पाठ केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मले कायले सांगता भाऊ?” ते म्हणाले. “मले तं मालूम हाय.”

“तुमी तेव्हा काहून नाही बोलले?”

“म्या सांगतलं असतं तं ते सुखदेवचं म्हननं झालं असतं. तुमी सांगतलं असतं तं ते खरं झालं असतं.” त्यांनी सुटकेस उचलली. मी हात पुढे केला, पण त्यांनी ती दिली नाही. “ज्याहिले मालूम नाही त्याहिले सांगा. मोठ्या साहेबाले सांगा. या पोट्ट्याहिले सांगा. मी अकोल्यात असलो तरी चालन.”

ते जीपमध्ये खिडकीशी बसले. चार-पाच जीपवाले तिथेच शेकोटीला हात शेकत होते. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी तसं ठरवतही होतो, खरंच ठरवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दादा. तो रोज सकाळी फिरायला निघाला की तिकडून फोन करतो.

“कुठं आहेस रे?”

“स्टँडवर. सुखदेवभाऊ चालले अकोल्याले. कायमचे.”

“कोण भाऊ? अच्छा, सुखदेव.” त्याच्या चालण्याचा दम ऐकू येत होता. “माणूस भला होता रे. गाडीचं तेवढं त्याला नाही जमलं.”

खिडकीतून सुखदेवभाऊ माझ्याकडे पाहत होते. फोन कुणाचा आहे हे त्यांना माझ्या तोंडावरून समजलं असावं, कारण त्यांनी काच थोडी खाली केली आणि उजवा कान माझ्याकडे वळवला.

“हो ना,” मी म्हणालो.

त्यांनी काच वर केली आणि जीप निघाली.